मावशींचं पाणी



आमच्या घरी गेली अठरा वर्षं पापड, शेवया, भाजणीचं काम चालतं. पाच बायका येतात. धान्य निवडायला पहिल्यापासून एक मावशी आहेत, वय 67. आपल्यात निवडणं किती जबाबदारीचं, ते तुम्हाला सांगायला नको. नजर चुकली तर जीव जातो.

यंदा श्रावणात एका व्रती बाईंनी आमच्याकडून नेलेल्या मुगात दोन किडे दाखवले. मी शरमेनं गप्प झाले. मावशींचे डोळे थकले, त्यांना आता थांबवायला हवं, असं मनाशी ठरवलं. पर्वात नको, क्षमावाणी झाली की सांगू.

दशलक्षण पर्वात आमच्या मंदिरात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय समजावून सांगतात. सातव्या दिवशी अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आले: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. अतिभारारोपण म्हणजे ताकदीबाहेर ओझं लादणं. हे लहानपणापासून ऐकतेय आणि दरवेळी डोळ्यांपुढे बैलगाडी येते. यंदा मात्र मावशीच आल्या, फळीवरून दहा किलोचा डबा उतरवताना.

घरी येऊन मुलाशी बोलले. तो कारखान्यात आहे. त्यानं जर्मनीतली गोष्ट सांगितली. 2007 साली डिंगोल्फिंगच्या बीएमडब्ल्यू कारखान्यात एका विभागात मुद्दाम सरासरी 47 वर्षांची 42 माणसं नेमली आणि त्यांनाच विचारलं, काय दुखतं? त्यातून सुमारे 70 लहान लहान बदल झाले. पायांखाली लाकडी जमीन, बसायला खुर्च्या, बारीक कामाला भिंग, कामाची आलटापालट. वर्षभरात काम सात टक्क्यांनी वाढलं. "आई, तू मावशींना कधी विचारलंस का?" मुलगा म्हणाला.

अठरा वर्षांत नव्हतं विचारलं.

दुसऱ्या दिवशी विचारलं, तर त्या घाबरल्याच. "वैनी, मला काढायचं ठरवलंय व्हय?"

मला उत्तर सुचेना. शेवटी म्हटलं, "नाही. त्रास काय होतो, ते सांगा."

हळूहळू बोलल्या. दुपारनंतर त्या कोपऱ्यात उजेड नसतो. खाली बसलं की गुडघे उठू देत नाहीत. "म्हनून पानीच पीत न्हाई मी हितं. सारखं उठाय लागतंय."

माझ्या घरात एक बाई दिवसभर तहानलेली बसत होती! मी पाणी कधी नाकारलं नव्हतं, पण पाचवा अतिचार यापेक्षा वेगळा तो काय?

मग त्यांच्याच सांगण्याप्रमाणे बदल केले. खिडकीशी टेबल आणि पाठीची खुर्ची. मुगाखाली पांढरं कापड. स्टँडवर बसवलेलं भिंग. दहा किलोच्या डब्याऐवजी दोन-दोन किलोचे डबे, तेही कमरेच्या उंचीवर. तासभर निवडलं की तासभर वजन करून पिशव्या भरायच्या. निवडणं फक्त दिवसाच्या उजेडात. पगार तोच.

मावशी पूर्वीसारख्या भराभर निवडत नाहीत, हे खरं. पण परवा त्यांनी भिंगातून बारीक किडा टिपला, अलगद कागदावर घेतला आणि सावलीत सोडून आल्या. तिशीतल्या बायकासुद्धा आता खुर्चीसाठी भांडतात, म्हणून आणखी दोन आणल्या.

क्षमावाणीला मी मावशींपुढे हात जोडले. त्या हसल्या, "वैनी, माझी कसली क्षमा मागताय?" मी मनात काय ठरवलं होतं, ते अजून त्यांना सांगितलेलं नाही. तेवढं धैर्य झालं नाही.

सख्यांनो, आपण पाणी गाळून पितो. आपल्याकडे कामाला येणारी वयस्कर बाई ते पिते का, एवढं आज विचारून बघा.