बुकवर्म ते ट्रिक्सी : एक प्रवास

डेबियन या ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रत्येक आवृत्तीला 'टॉय स्टोरी'तल्या पात्राचं नाव असतं. जून २०२३ मध्ये आलेली १२वी 'बुकवर्म', ९ ऑगस्ट २०२५ ला आलेली १३वी 'ट्रिक्सी'. आणि जी कायम कच्चीच असते ती 'सिड', म्हणजे सिनेमातला तो खेळणी मोडणारा मुलगा! कॉन्व्हेंटमुळे माझं मराठी यथातथाच, पण हा विनोद कुठल्याही भाषेत कळतो.

माझा लॅपटॉप दादाचा, जुना. नवीन मागायची सोय नाही. आणि आम्हा चौघींच्या प्रोजेक्टचा अख्खा डेटाबेस त्याच्यावर! अपग्रेड करणार म्हटल्यावर रूममेट म्हणाली, "वेडी आहेस का गं? सगळं पुसून नवीन टाक ना!" बहुतेकजण तेच करतात. मला नाही पटत. भिंतींना रंग द्यायचा म्हणून कोणी घर पाडतं का?

काम तसं थोडंच. आधी दुसऱ्या मशीनवर बॅकअप. मग सोर्सेस लिस्टमध्ये 'बुकवर्म'च्या जागी 'ट्रिक्सी' लिहायचं, 'ॲप्ट अपडेट', नवीन पॅकेजेस न आणता होईल तेवढं अपग्रेड आणि शेवटी 'फुल-अपग्रेड'. ११ वरून थेट १३ ला उडी मारता येत नाही, मध्ये १२ पास व्हावंच लागतं. इथे एटीकेटी नाही!

खरी मजा मध्येच येते. एखादी कॉन्फिग फाइल तुम्ही बदललेली असेल तर नवीन पॅकेज ती गुपचूप पुसत नाही. थांबून विचारतं, तुमची ठेवू की माझी घालू? 'डी' दाबलं की दोन्हींतला फरक दाखवतं, नुसतं एंटर दाबलं तर तुमचीच राहते. एवढ्या अदबीनं आमच्या हॉस्टेलमध्ये कुणी काही विचारत नाही!

डेटाबेसचं तर याहून भारी. बुकवर्ममध्ये पोस्टग्रेस १५, ट्रिक्सीमध्ये १७. जुनं तसंच राहतं, नवीन शेजारी वेगळ्या पोर्टवर येऊन बसतं. डेटा आपोआप हलत नाही. १७ चा रिकामा क्लस्टर काढायचा, मग 'पीजी-अपग्रेडक्लस्टर' ही कमांड द्यायची, आणि खात्री पटल्यावरच जुनं काढायचं. पायथन ३.११ चं ३.१३ झालं, त्यामुळे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट नव्याने बनवावी लागली. लायब्ररींची यादी काढून ठेवली होती म्हणून दहा मिनिटांत झालं.

पहाटे रीबूट केला आणि प्रत्येक टेबलमधल्या ओळी मोजल्या. आदल्या दिवशी वहीत लिहिलेल्या आकड्यांशी जुळल्या, एकही कमी नाही. रूममेट अंथरुणातूनच म्हणाली, "माझा पण करशील?"

तिचा अजून ११ वर आहे. म्हणजे दोन रात्री.