जेथे रात्र दहाला उजाडते

सराफ्यात रात्री बारा वाजता उभ्याउभ्या भुट्ट्याचा कीस खाणाऱ्या इंदूरकरास जागरणाविषयी परक्या गावाने काही शिकवावे असे उरलेले नाही, अशी आमची समजूत होती. ती अर्जेंटिनाच्या राजधानीने मोडली.

खरे सांगावयाचे तर आम्हा उभयतांचा सराफा सुटून दोन वर्षे झाली होती. आम्हा दोघांपैकी एकाच्या हृदयाने (कोणाच्या, हे येथे महत्त्वाचे नाही) एका पहाटे दगा दिला आणि तेव्हापासून घरातले दिवे नऊलाच मालवू लागले. जेवण साडेसातला, गोळ्या आठला. ब्युएनोस आयर्सला आमचा भाचा नोकरीनिमित्त असतो. त्याच्या आग्रहावरून आणि डॉक्टरांच्या परवानगीने गेल्या नोव्हेंबरात आम्ही निघालो खरे. पण सामानात कपड्यांपेक्षा औषधे अधिक होती आणि औषधांपेक्षा भीती.

नोव्हेंबर म्हणजे तेथला वसंत. विमानतळावरून शहरात येताना रस्त्याच्या दुतर्फा जांभळा मोहोर पाहिला आणि ओळख पटली. हा तर आपला नीलमोहर! आपण त्याला आपला म्हणतो, पण त्याचे माहेर दक्षिण अमेरिकाच. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे चालते. पहिल्या दिवशी संध्याकाळी सात वाजता आम्ही उपाहारगृहाच्या दारात भुकेलेले उभे राहिलो, तेव्हा आत टेबले पुसणेही सुरू झाले नव्हते. साडेआठच्या आधी चूल पेटत नाही आणि गावचे लोक जेवायला येतात ते दहाला. लहान मुले, आजोबा, आज्या, सारेच. गोळ्यांचे वेळापत्रक पहिल्याच रात्री कोलमडले.

दिवसा पाहण्याजोगे पुष्कळ आहे आणि पर्यटकांच्या पुस्तकांत ते सापडतेच. १९०८ साली ‘आईदा’ या संगीतिकेने उघडलेले कोलोन नाट्यगृह, १९३६ चा ओबेलिस्क स्तंभ, १८५८ पासून चालत आलेले तोर्तोनी कॉफीगृह, १९१३ सालापासून धावणारी भुयारी रेल्वे. बोका भागातील रंगीत घरांची कामिनितो गल्ली दिवसाउजेडीच पाहावी आणि आडरस्त्यांना जाऊ नये, हे भाच्याने दोनदा बजावले. आम्ही मात्र सर्वाधिक वेळ घालविला तो सांता फे रस्त्यावरच्या एका पुस्तकांच्या दुकानात. १९१९ साली बांधलेले हे नाट्यगृह २००० सालापासून ग्रंथभांडार झाले आहे. सज्जे, सोनेरी नक्षी, रंगविलेले घुमटाकार छत, सारे जसेच्या तसे. प्रेक्षकांच्या जागी पुस्तके आणि रंगमंचावर कॉफी. जुन्या नाट्यगृहांचे दुसरे काय काय होऊ शकते हे आपण पाहतोच. त्या मानाने हा पुनर्जन्म भाग्याचा.

गुरुवारी दुपारी साडेतीनला मायो चौकात गेलो. लष्करी राजवटीत, १९७६ ते १९८३ या काळात, हजारो माणसे उचलून नेली गेली आणि परतली नाहीत. त्यांच्या आया १९७७ च्या एप्रिलात या चौकात जमल्या. जमावबंदी होती, उभे राहू नका, असे पोलिसांनी दरडावले, म्हणून त्या चालू लागल्या. डोक्याला पांढरे वस्त्र बांधण्याची त्यांची खूण. सुरुवातीस ती तान्ह्या बाळांचे कापडी लंगोट होती. तेव्हाच्या आया आता थोड्याच उरल्या आहेत, पण गुरुवारची फेरी थांबलेली नाही. आम्ही चौकाच्या कडेला उभे होतो. मग कोणी न सांगताच मागून चालू लागलो.

दुसऱ्या दिवशी रेतीरो स्थानकातून लोकलने सान इसिद्रोला गेलो. पेरूला निघालेले रवींद्रनाथ १९२४ च्या नोव्हेंबरात आजारी होऊन येथेच नदीकाठी विसावले होते, व्हिक्टोरिया ओकाम्पो यांच्या पाहुणचारात. ‘पूरबी’ हा संग्रह त्यांनी तिलाच, ‘विजया’ या नावाने अर्पण केला. आजारपणात लांबच्या देशी येऊन पडलेल्या माणसाबद्दल आम्हाला त्या दिवसांत विशेष जवळीक वाटत होती, हे कबूल केले पाहिजे. समोरची नदी मातकट आणि इतकी रुंद की पैलतीर दिसत नाही.

आता जेवणाविषयी. हा देश गोमांसाचा. निखाऱ्यांवरच्या मांसाचा वास गल्लोगल्ली. शाकाहारी मनुष्य उपाशी मरेल असे आम्हाला अनेकांनी सांगितले होते. तो मरत नाही. एम्पानादा नावाची करंजी मिळते, तिला कडेने थेट आपल्यासारखी मुरड घालतात आणि मुरडीच्या तऱ्हेवरून आतले सारण ओळखतात. मक्याचे सारण असलेली ‘उमिता’ खाल्ली आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले: भुट्ट्याचा कीस! इटलीहून आलेल्यांनी रुजविलेला पिझ्झा कांदा आणि चीज यांनी इतका जड असतो की एक तुकडा पुरे. त्यावर हरभऱ्याच्या पिठाची ‘फाइना’ नावाची भाजलेली जाड पोळी ठेवून खातात. बेसन सातासमुद्रापार भेटल्याचा आनंद गोड पदार्थाने वाढविला: दूध आणि साखर आटवून केलेले ‘दुल्से दे लेचे’, रंगाने गूळ आणि चवीने खरपूस बासुंदी.

आणि शेवटच्या रात्री, साडेअकराला, भाचा आम्हाला मिलोंगात घेऊन गेला. पर्यटकांसाठी झगमगीत टँगो दाखविणारी महागडी नाट्यगृहे निराळी; मिलोंगा म्हणजे गावकऱ्यांचे नाचघर. कंदिलासारखे मंद दिवे, पेटीची दूरची बहीण शोभावी असा बांदोनेओन वाद्याचा सूर आणि टेबलांशी बसलेली सत्तरीपुढची मंडळी. येथे कोणी हात पुढे करून विचारीत नाही. दूरवरून नजर मिळवायची, मान किंचित हलवायची. नको असेल तर समोरचा नजर फिरवितो आणि कोणाचाच अपमान होत नाही. चार गाण्यांचा एक फेरा, मग पुरुष स्त्रीला तिच्या जागेपर्यंत पोहोचवितो. सारी जोडपी उलट्या प्रदक्षिणेने फिरत असतात.

आमच्या टेबलाशी एक वृद्धा एकटीच बसली होती. तिने भाच्यामार्फत विचारले, तुम्ही नाचत नाही? आम्ही वय सांगितले, गुडघे सांगितले, हृदयही सांगितले. ती म्हणाली, “माझे गुडघे घरीही दुखतातच.” तेवढ्यात पलीकडून कोणाची तरी मान हलली आणि ती उठून गेली.

आम्ही बराच वेळ बसून राहिलो. मग आम्हा दोघांपैकी एकाने दुसऱ्याकडे पाहिले. नजर कोणी मिळविली, यावर आमच्यात अद्याप एकमत नाही. पहिल्या गाण्यात तीनदा पाय तुडविला गेला, दुसऱ्यात एकदा. चार गाणी पुरी केली, कारण मध्येच सोडणे असभ्य मानतात. बाहेर आलो तेव्हा तीन वाजून गेले होते. त्या वेळीही बस भरलेली होती आणि आम्हाला उभ्यानेच यावे लागले.