जावयाचा कोंबडा

मिरजगावात आजीच्या परसातल्या प्रत्येक कोंबडीला नाव होतं: काळी, मुडी, लंगडी. कोंबडा मात्र ज्या निमित्ताने कापायचा, त्या निमित्तानेच ओळखला जायचा. "त्यो तांबडा आखाडाचा. कबरा जावयाचा. आन् त्यो पांढरा जत्रंचा." जावई समोर बसलेले असले तरी ती बोट दाखवून हे सांगायची, आणि तेही मान डोलवायचे.

हिशेब सरळ होता. खुडूक कोंबडीखाली अंडी बसवायची, एकविसाव्या दिवशी पिल्लं. घार, मुंगूस आणि मानमोडी यांच्या तावडीतून जी सुटतील त्यांत साधारण निम्मे नर. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. जास्त ठेवले तर ते एकमेकांचे तुरे रक्तबंबाळ करतात, कोंबड्यांच्या पाठीवर पिसं राहत नाहीत, आणि दाणे खातात ते वेगळंच. कर्जत तालुक्याचा हा शाळूवर जगणारा मुलूख. इथे मूठभर ज्वारीचाही हिशेब असतो. म्हणून तलंगा अंड्यांसाठी राखायच्या आणि वरकड कोंबडे घरी खायचे. तुरा लाल होऊ लागला, पाय जाड दिसू लागले, की आजीची वाटणी ठरलेली असे. मग एखाद्या पहाटे त्यातलाच एक फाटक्या आवाजात आरवायला जाई आणि निम्म्यात अडके. पोरं हसायची. आजी म्हणायची, "आला वयात."

पुढे बंगळूरच्या कृषी विद्यापीठाचा गिरिराज आला, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेचा वनराज आला. अंडी आणि मांस दोन्हींसाठी तयार केलेल्या, परसात चरून वाढणाऱ्या जाती. अंगाने भारी, पण खुडूक बसायचं नाव नाही. त्यांची अंडी उबवायला शेवटी आमची काळीच.

अंड्यांच्या मोठ्या धंद्यात नराला आजीच्या कोंबड्याएवढंही आयुष्य मिळत नाही. लेअर जातीचा नर अंडी देत नाही आणि अंगही धरत नाही, म्हणून जन्मल्या दिवशीच मारला जातो. जर्मनीने 1 जानेवारी 2022 पासून त्यावर बंदी आणली. आजीच्या कोंबड्याला सहा महिने ऊन, उकिरडा आणि भांडायला भाऊ मिळत. मी याला दया म्हणणार नाही. आजीनेही म्हटलं नसतं. पण चाळीस दिवसांत दोन किलो होणाऱ्या ब्रॉयलरपेक्षा मला हा व्यवहार प्रामाणिक वाटतो.

आखाडात तांबड्याची पाळी येई. उकळत्या पाण्यात बुडवून पिसं काढायची, उरलेली लव चुलीच्या जाळावर भाजायची, वरून हळद चोळायची. जळक्या पिसांचा वास गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. पोटा चिरला की आत ज्वारीचे अर्धवट दळलेले दाणे आणि बारीक खडे निघत. रस्सा तासन्‌तास रटरटत राही, कारण गावरान मांस लवकर शिजत नाही. तर्री मात्र भाकरीच्या पापुद्र्यात अशी मुरे की ताटात काही उरत नसे.

कबरा मात्र दोन आखाड जगला. जावईबापूंनी, म्हणजे आमच्या आत्याच्या यजमानांनी, वारी धरली. गळ्यात माळ आली. आजीने त्यांना मुकाट्याने पिठलं वाढलं. कबरा तोवर इतका जून झाला होता की त्याला शिजवायला लाकडं परवडली नसती. पुढे धाकट्या आत्याचं स्थळ आलं, तेव्हा आजीने मुलाची शेती विचारली, विहिरीचं पाणी विचारलं, आणि जाता जाता, घरात कुणी माळकरी आहे का, तेही विचारून घेतलं.