किब्बरचं गवत

हिमाचलातल्या स्पितीच्या डोंगरांत झाड शोधावं लागतं. पावसाळी ढग हिमालयाच्या दक्षिण उतारांवरच रिते होतात. इकडे पोचतो तो वारा, आणि हिवाळ्यात बर्फ. ४,२०० मीटर उंचीवरच्या किब्बर गावाभोवती वर्षातले जेमतेम चार महिने काही उगवतं. तेही गुडघ्याच्या वर जाईल तर शपथ.

येणाऱ्यांना ओढ असते हिमबिबट्याची. ऐन थंडीत पुण्या-मुंबईचे हौशीही मोठाल्या लेन्स घेऊन इथवर येतात. समोर कड्यावर भरल या रानमेंढ्यांचा अख्खा कळप चरत असतो, पण त्यांचा राखी-निळसर रंग खडकात असा मिसळतो की एखादा दगड घरंगळेपर्यंत पत्ता लागत नाही. लागला तरी कॅमेरे तिथे फार रेंगाळत नाहीत. वास्तविक बिबट्याचं पोट भरलावर आणि भरलाचं या खुरट्या गवतावर. त्याच गवतावर गावच्या शेळ्या-मेंढ्या, याक आणि घोडेही डोळा ठेवून.

वन्यजीव संशोधक चारुदत्त मिश्रा यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात किब्बर परिसरातल्या गावांत दर घरामागे वर्षाला सरासरी दीडहून जास्त जनावरं हिंस्र प्राण्यांनी मारल्याची नोंद आहे. कौतुक देशाचं, भुर्दंड गावाचा!

बिबट्या छपराच्या झरोक्यातून गोठ्यात उतरला तर अनर्थच. अंधारात सैरावैरा धावणाऱ्या मेंढ्या तो एकामागून एक लोळवतो, आणि वर चढता न आल्याने कधी सकाळी तिथेच सापडतो. झरोक्याला लोखंडी जाळी आणि घट्ट बसणारं दार, एवढ्याने हे बरंचसं टळतं.

१९९८मध्ये गावाने मोबदला घेऊन कुरणाचा एक भाग चराईला बंद केला. पुढे तिथे भरल वाढले. २००२पासून जनावरांचा विमाही गावानेच चालवला: हप्ता मालकाचा, भरपाईचा निवाडा गावातल्याच समितीचा. शेजाऱ्यांपुढे खोटा दावा रेटणं तसं अवघडच.

जानेवारी २०२४मध्ये जाहीर झालेल्या गणनेत देशात ७१८ हिमबिबटे भरले, पैकी हिमाचलात ५१. त्यांच्याइतकं लक्ष कुणी कुत्र्यांकडे दिलं नाही. पर्यटक वाढले तसे उकिरडे वाढले आणि उकिरड्यांवर भटके कुत्रे पोसले गेले. थंडीत बहुतेक हॉटेलं बंद झाली की ते टोळ्यांनी कुरणांकडे वळतात. वरच्या स्पितीतल्या एका अभ्यासात पाळीव जनावरांच्या नुकसानीत या कुत्र्यांचा वाटा हिमबिबट्या आणि लांडगा यांच्या एकत्रित वाट्याहूनही मोठा निघाला.