जमा की नावे?

चिंचपाड्याच्या बाजारात किराण्याचे दुकान असलेल्या शेठजींकडे सकाळचे पहिले गिऱ्हाईक पुष्कळदा काही विकत घ्यायला येत नाही; ते मोबाइल पुढे करते. जवळच्या पाड्यावरची आजी त्या दिवशी अशीच आली. बँकेचा संदेश होता, इंग्रजीत. तिला एवढेच हवे होते : "शेठ, पैसा आला का गेला?" श्रावणबाळ योजनेच्या रकमेची ती वाट पाहत होती.

शेठजी चष्मा शोधत होते, तोवर आजीचा पदर धरून उभ्या असलेल्या तिसरीतल्या नातीने अक्षर अक्षर जुळवून वाचले आणि मावचीत सांगून टाकले, गेला. वीस रुपये, सुरक्षा विम्याचा वार्षिक हप्ता. 'डेबिटेड' हा एकच शब्द तिने ओळखला होता. ज्या दुकानात तीन पिढ्यांनी खतावणीत जमा आणि नावे मांडले, तेथे पाड्यावरच्या मुलीने परक्या भाषेतली नावेची नोंद वाचून दाखवावी, याचे शेठजींना फार अप्रूप वाटले. त्यांनी तिच्या हातावर खडीसाखर ठेवली आणि हे कोणी शिकविले म्हणून विचारले.

तो शब्द पाठ्यपुस्तकातला नव्हता. शाळेतले गुरुजी मुलांना घरातले कागद आणायला सांगत : खताची रिकामी गोणी, औषधाच्या गोळ्यांचे पाकीट, बँकेचा संदेश. त्यातला रोज एक शब्द फळ्यावर. अर्थ आधी मावचीत, मग मराठीत. परंतु त्या गुरुजींची बदली झाली होती आणि त्यांच्या जागी कोणी आले नव्हते. उरलेल्या बाई पहिली ते चौथीचे चारही वर्ग एकट्या सांभाळत होत्या. शिवाय पोषण आहाराच्या नोंदी आणि वरून मागविली जाणारी माहिती होतीच. इंग्रजीची तासिका वेळापत्रकातून गेली नव्हती. तिच्यात मुले 'ए' ते 'झेड' एका सुरात म्हणत आणि बाई तेवढ्या वेळात दुसऱ्या वर्गाच्या बेरजा तपासत. दोष द्यावा तरी कोणाला?

खर्चकपात अशीच येते. अंदाजपत्रकात 'प्राथमिक शाळेतील इंग्रजी' असे वेगळे खाते नसते, की त्यावर कोणी लाल रेघ मारावी. एक पद रिक्त राहते आणि त्याबरोबर भाषा निघून जाते. कागदावर मात्र ती शिल्लक दिसते. ताळेबंदात बुडीत येणे खरे येणे म्हणून दाखवीत राहावे, त्यातलाच हा प्रकार.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली, प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. तोपर्यंत मराठी शाळेतल्या मुलाला इंग्रजी पाचवीत भेटे आणि पैसेवाल्याच्या मुलाला पहिल्याच दिवशी. मराठीवर परिणाम होईल म्हणून विरोधही झाला, आणि ती भीती अगदीच निराधार नव्हती. पण त्या निर्णयाचा सगळा भार वर्गशिक्षकावर होता. इंग्रजीसाठी निराळा शिक्षक नव्हताच. म्हणून शिक्षण हक्क कायद्याने साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक ठरवून दिले आहेत, त्यातला दुसरा शिक्षक म्हणजे लहान पाड्यावरच्या इंग्रजीचे जवळजवळ सगळे भांडवल आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव राज्यात मागविले गेले, तेव्हा याच जिल्ह्यातल्या तोरणमाळचा दाखला देण्यात आला होता. त्या कल्पनेत तथ्य नाही असे नाही. मोठ्या शाळेत ग्रंथालय असते, विषयाला शिक्षक मिळतो. मात्र पावसाळ्यात सात वर्षांच्या मुलीने नाला ओलांडून तिथवर जायचे कसे, याची तरतूद आधी हवी. पुढे २०२५ मध्ये पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून राज्यभर वादळ उठले आणि २९ जूनला सरकारने ते निर्णय मागे घेतले. भाषा कोणती, यावर सगळे बोलले. शिकविणार कोण, हा प्रश्न मागे पडला. नवापूरच्या मुलाला तर भाषांचे भय नाहीच. घरी मावची, शाळेत मराठी, बाजारात गुजराती. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत, आणि तेथली घोषणा चार भाषांत होते.

अर्थावाचून पाठांतर म्हणजे काय, हे जैन घरात निराळे सांगावे लागत नाही. प्रतिक्रमणाची प्राकृत सूत्रे सात-आठ वर्षांचे मूल घडाघडा म्हणते. अर्थ कळतो तो पाठशाळेत जाणते गुरुजी लाभले तर. प्राकृतला २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, याचा आनंद आहेच. पण दहावीला अर्धमागधी घेऊ इच्छिणाऱ्या मुलाला शिक्षक शोधत फिरावे लागते, हेही या अंकाच्या वाचकांना ठाऊक आहे.

शेठजींची नातवंडे सुरतेला इंग्रजी माध्यमात शिकतात. पर्युषणानंतर पाड्यावरच्या शाळेला वह्या देण्याचा घरचा नेम आहे. त्या वर्षी वह्यांऐवजी बारावी झालेल्या एखाद्या मुलाला मानधन देऊन इंग्रजी शिकवायला ठेवावे, असे त्यांच्या मनात आले. सूनबाईंनी हिशेब मांडला.

"बापूजी, आपण मानधन दिले की वरचे म्हणतील, सोय झाली. मग ती जागा कधीच भरणार नाही."

"आणि जागा भरेपर्यंत त्या पोरीने काय करायचे?"

यावर घरात दोन दिवस बोलणे चालले. दोघांचेही खरे होते, आणि म्हणूनच निकाल लागेना. अखेर दोन्ही केले. पाड्यावरचाच, मावची बोलणारा एक मुलगा आठवड्यातून दोनदा शाळेत येऊ लागला. शाळा व्यवस्थापन समितीच्या पालकांनी दुसऱ्या शिक्षकासाठी अर्ज दिला. तो सूनबाईंनी लिहून दिला आणि त्यात एक ओळ मुद्दाम घातली : ही मदत तात्पुरती असून मंजूर पदाच्या बदल्यात धरू नये. काही सह्या, बरेचसे अंगठे. अर्जाची पोच शिक्क्यासह मिळाली. उत्तर अजून आलेले नाही.

पुढच्या महिन्यात आजी पुन्हा आली. या वेळी संदेशात एक लांबलचक शब्द होता आणि नात त्यावर अडली. शेठजींनाही तो दोनदा वाचावा लागला. "इनसफिशिअंट. म्हणजे अपुरी. खात्यात शिल्लक अपुरी." मुलीने मान डोलावली आणि विचारले, याला मावचीत काय म्हणायचे? चाळीस वर्षे त्या पेढीवर बसलेल्या शेठजींना ते सांगता येईना. शेवटी आजीलाच विचारावे लागले.