निमंत्रणावाचूनचा मानकरी

1 मे 1851 रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या हस्ते जे महाप्रदर्शन उघडले, त्याचे हेन्री कोर्टनी सेलस याने रंगविलेले विशाल तैलचित्र पाहताना दृष्टी राजपरिवारावर खिळावी अशीच चित्रकाराची सारी योजना आहे: प्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्स्टनने आखलेल्या काचमहालाचे कमानदार छत, त्याखाली न तोडता आत घेतलेला एल्म वृक्ष, स्फटिकाचे कारंजे आणि दुतर्फा आपापल्या दर्जाप्रमाणे उभे असलेले मुत्सद्दी, धर्माधिकारी व हुद्देदार. माझे मन मात्र रेंगाळते ते उजवीकडच्या मानकऱ्यांत उभ्या असलेल्या एका चिनी गृहस्थापाशी.

चीनच्या दरबाराने या समारंभास आपला वकील पाठविलाच नव्हता. हा गृहस्थ, हेसिंग नावाचा, थेम्स नदीत नांगरलेल्या ‘कीइंग’ नावाच्या चिनी गलबतावरचा. हाँगकाँगहून निघून आफ्रिकेला वळसा घालून आलेले ते गलबत लंडनचे लोक पैसे मोजून पाहावयास जात. समारंभ चालू असता हा पुढे झाला, त्याने राणीस लवून अभिवादन केले, आणि त्याच्या भरजरी पोशाखाकडे पाहून इतमाम सांभाळणाऱ्यांनी त्याला परराष्ट्रांच्या वकिलांत स्थान दिले. हाती खलिता नाही, सनद नाही. तरी मिरवणुकीत त्याची वर्णी लागली आणि सेलसच्या कुंचल्याने ती कायम केली.

लोक ही हकीकत गमतीने सांगतात. मला ती फार गंभीर वाटते, कारण त्या चौकटीत कोणाला जागा मिळाली आणि कोणाला नाही, हे ती विचारावयास लावते. त्या दिवशी आत यावयास मोसमाचा परवाना लागे, पुरुषास तीन गिनी व स्त्रीस दोन. एका शिलिंगात प्रवेश मिळू लागला तो मे महिना सरता सरता. मग गिरणीकामगार आणि शेतमजूर आगगाड्या भरभरून आले, आणि ऑक्टोबरात दरवाजे बंद होईतो सुमारे साठ लाख भेटींची नोंद झाली. त्यांच्यापैकी कोणी या चित्रात नाही. हिंदुस्थानच्या दालनात डाक्क्याची मलमल होती, पण ती विणणारा कोष्टी कोठे आहे? 1849 साली पंजाब खालसा करताना बालवयाच्या दुलीपसिंगाकडून घेतलेला कोहिनूर पिंजऱ्यात झळकत होता. त्याच्या धन्याला मात्र या गर्दीत जागा नव्हती. ज्यांचे धन आणि ज्यांचे हस्तकौशल्य तेथे मांडले होते ते सारे चौकटीबाहेर राहिले, हे शल्य चित्राच्या सौंदर्याने बोथट होत नाही.

प्रदर्शनास सुमारे 1,86,000 पौंडांची शिल्लक राहिली. त्या पैशातून साउथ केन्सिंग्टनची जमीन घेतली गेली, त्या जमिनीवर संग्रहालये उभी राहिली, आणि त्यांपैकीच एकात, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, आज हे चित्र आहे. त्या शिलकेत गिरणीकामगारांचे शिलिंगही होते.