पूर्ववत्

सरकारी टिपणीत ‘पूर्ववत्’ असे लिहिण्यासारखे सुख नाही. मागील पान उलटावे, तोच आकडा उतरवावा, खाली सही करावी. जबाबदारी जुन्या पानावर जाते. केंद्र सरकारच्या कचेरीत १२ वर्षे कारकुनी केलेल्या मला या शब्दाचा लोभ जडला असल्यास नवल नाही. गेल्या हिवाळ्यात मात्र त्यानेच मला धडा दिला.

अण्णांच्या हृदयावर येथे लखनौतच बायपासची शस्त्रक्रिया झाली. मेटोप्रोलॉलची ५० मिलिग्रॅमची गोळी ते ६ वर्षे सकाळ-संध्याकाळ घेत आले होते. घरी परतल्यावर पहिल्याच सकाळी मी सवयीने जुनी डबी काढून अख्खी गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली.

“पूर्वीचीच ना रे?”

“हो अण्णा, पूर्वीचीच.”

तोच आई रुग्णालयाचा कागद घेऊन आली. “अरे, यात ५० नाही, २५ लिहिले आहे!”

अण्णांनी मूठ मिटली. मी नाडी पाहिली, मिनिटाला ५२. हिवाळ्यातही मला घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना विचारले, “औषध तेच, माणूस तोच, मग मात्रा निम्मी का?”

ते हसून म्हणाले, “माणूस तोच कुठे राहिला?”

शस्त्रक्रियेत अण्णांच्या हृदयाचे काम काही काळ यंत्राने केले होते. असे यंत्र माणसावर प्रथम यशस्वीपणे वापरले ते जॉन गिबन यांनी, १९५३ साली फिलाडेल्फियात. यंत्रात फिरणारे रक्त द्रवाने पातळ होते, बहुधा थंडही केले जाते. यकृताकडे जाणारा रक्ताचा ओघ घटतो. आणि मेटोप्रोलॉलचे विघटन तर यकृतातच होते. साहजिकच ते शरीरात अधिक रेंगाळते. पुढे काही दिवस आतडीही मंदावलेली असतात. गिळलेल्या गोळीतले किती रक्तात उतरेल याचा भरवसा नसतो.

ही उलथापालथ ओसरते. पण तिसऱ्या दिवशी अण्णांच्या हृदयाचा ताल बिघडला, म्हणून ॲमिओडॅरोन सुरू झाले होते. ते स्वतः नाडी मंद करते. शिवाय यकृतातील जे विकर मेटोप्रोलॉलचा निचरा करते, त्यालाच अडवते. निम्मी गोळी आता जवळजवळ अख्खीचे काम करीत होती. ॲमिओडॅरोन बंद केल्यावरही कित्येक आठवडे अंगात राहते, हेही तेव्हाच कळले.

“मग मेटोप्रोलॉल बंदच का करू नये?”

“ती चूक याहून मोठी,” डॉक्टर म्हणाले. उत्तेजक संप्रेरकांचा हृदयावरील मारा ही औषधे थोपवतात. एकाएकी थांबवली तर हृदय उसळते. शस्त्रक्रियेनंतर ताल बिघडण्याचा संभवही त्याने वाढतो. या जातीतले प्रोप्रॅनोलॉल जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात शोधले. १९८८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे ‘पूर्ववत्’ही नको आणि ‘रद्द’ही नको, दर वेळी नव्याने मोजून ठरवायचे.

जुनी डबी मी कपाटाच्या वरच्या फळीवर टाकली आहे. आता रोज सकाळी आधी नाडी, मग गोळी.

“आज किती?” अण्णा विचारतात.

“५८.”

“कालच्याइतकीच?”

मी कालचे पान उलटून पाहत नाही. पुन्हा त्यांच्या मनगटावर बोटे ठेवतो आणि मोजू लागतो.